गुणवंताची सीधीमार काठी

पांढुर्ण्याच्या बाजारात गुणवंता बारंग्याचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथे कोणी बॅट घ्यायला गेलं की गुणवंता आधी ती स्वतः हातात घ्यायचा, कानाशी धरून बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि म्हणायचा, "ही नको नेऊ. लाकूड पोकळ आहे." गिऱ्हाईक विचारायचं, "मग दुकानात ठेवली कायले?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "कंपनीनं पाठवली म्हून." असा दुकानदार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि सापडला तर त्याच्या बायकोला विचारून पाहावं की संसार कसा चालतो. मनकर्णाबाई म्हणायच्या, "यांच्या तोंडाले कुलूप लावलं असतं तं माडी झाली असती." पण गावात मात्र एक गोष्ट पक्की होती. गुणवंताने चांगलं म्हटलं म्हणजे ते चांगलंच. त्याचं बोलणं लोक तपासून पाहत नसत.

तरुणपणी गुणवंता व्हॉलीबॉल खेळायचा. तो लिफ्टर होता. जाळीजवळ उभं राहून चेंडू अलगद वर द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. मारायचा तो मुकुंद ढोके. सौंसरच्या त्या मुकुंदचा उजवा हात वर गेला की समोरचे लोक आधीच मागे सरकायचे. नागपूरपासून बैतूलपर्यंत कुठे कुठे ही जोडी खेळून आली. लोक घरी जाताना मुकुंदच्या हाताबद्दल बोलायचे; लिफ्टरचं नाव कोणाच्या लक्षात राहतं? गुणवंताला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपण नीट दिला म्हणून त्याने नीट मारला, हे त्याला ठाऊक होतं आणि मुकुंदलाही ठाऊक होतं. दोघांना तेवढं पुरत होतं.

पुढे मुकुंद सौंसरच्या शाळेत गणिताचा मास्तर झाला, सगळ्यांचा गुरुजी झाला आणि निवृत्तही झाला. मग एके सकाळी दात घासता घासता त्याला लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात तेवढा राहिला. खांद्याला टांगलेल्या पिशवीसारखा तो नुसता लोंबायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलं. चेंडू गुणवंतानेच नेऊन दिला. मुकुंदने तो काही दिवस दाबला आणि नंतर खिडकीत ठेवून दिला. जेवण डाव्या हाताने, तेही सांडत. त्याची बायको नलिनी भरवायला गेली तर तो ताट सरकवायचा. हा हात परत यावा, एवढी एकच गोष्ट त्या घरात मागायची उरली होती, आणि ती मागणंही हळूहळू बंद झालं होतं.

इकडे पांढुर्णा जिल्हा झाला. आता जिल्हा होणं म्हणजे काय, हे गावाने आपल्या पद्धतीने ठरवून टाकलं. आधीच्या जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्यात, जे जे आहे ते ते आता आपल्याकडे येणार, असं सगळे धरून चालले. कलेक्टर आले, एसपी आले. न्हाव्यानेसुद्धा पाटीवर 'जिल्ह्यातील अग्रगण्य' असं लिहून घेतलं. पानठेल्यावर तर रोज नवीन काहीतरी यायचं. कोणी विमान उतरवायचं, कोणी मेडिकल कॉलेज. अशा हवेत गजेंद्र नावाचा एक एजंट गुणवंताच्या दुकानाची पायरी चढला. त्याच्या खांद्यावर लांबोळकी पिशवी होती आणि पिशवीत गोल्फच्या काठ्या.

"भाऊ, जिला बना ना?" गजेंद्र म्हणाला. "जिला बना तो अफसर आये. अफसर आये तो क्लब बनेगा. और क्लब बना तो गोल्फ को कौन रोकेगा?"

यात खोट काढायला जागा कुठे होती? गुणवंताने आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता; टीव्हीवर लागला तर चॅनल बदलायचा. पण अधिकारी गोल्फ खेळतात हे कोणाला माहीत नाही? आणि आता अधिकारी आपलेच होते. काठीचं नाव होतं 'सीधीमार'. सोबतच्या जाहिरातीच्या कागदावर एक गोरा माणूस हसत उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'जो घुमाए, सीधा जाए'. काठीच्या डोक्यात म्हणे पारा भरलेला होता. फटका वाकडा बसला तरी पारा आतल्या आत सरकून चेंडूला सरळ रस्त्याला लावायचा. आणखी खाली लिहिलं होतं की कमजोर किंवा लकव्याच्या हातालाही या काठीने ताकद येते. गुणवंताने काठी कानाशी धरून टकटक केली. आत काहीतरी खुळखुळलं.

"मी तपासल्याबिगर ठेवत नाही," तो म्हणाला.

तपासायचं कुठे? शाळेच्या मैदानावर कुठल्यातरी सरकारी कार्यक्रमाचा मांडव होता. मग गुणवंताला मुकुंदचे थोरले बंधू भैय्याजी आठवले. सौंसरला गावाबाहेर त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. दोघे बसने सौंसरला गेले, मुकुंदला घरून सोबत घेतलं, आणि चौघे बगीच्यात जाऊन उभे राहिले.

पोळा होऊन गेला होता आणि हिवाळ्याच्या तोंडी तोडायच्या आंबिया बहाराची गळ सुरू होती. गळ म्हणजे पिकायच्या आधीच झाडावरून पडणारं फळ. हिरवं, टणक, मुठीत मावेल एवढं. त्या वर्षी गळ इतकी होती की झाडांच्या ओळींमधून पाय ठेवायला जागा नव्हती. गजेंद्रने ते पाहिलं आणि हात जोडले. "असली बॉल कायको बिगाडना? भगवान ने इतने सारे दे रखे हैं." एक हिरवं संत्रं त्याने पायाशी ठेवलं, काठी फिरवली, फटकन आवाज झाला आणि समोर बोट दाखवून तो म्हणाला, "देखो."

सगळ्यांनी पाहिलं. समोर, ओळीच्या अगदी मधोमध, दूरवर एक हिरवं संत्रं पडलेलं होतं. गुणवंताने स्वतः काठी घेतली. फटका जरा तिरपाच बसला असं त्याच्या मनगटाला वाटलं, पण मान वर करून पाहतो तर समोर, नाकासमोर, हिरवं संत्रं. भैय्याजींनी मारलं. तेही सरळ. तीन शहाणी माणसं हिरव्या संत्र्यांनी भरलेल्या जमिनीवर हिरवी संत्री मारत होती आणि प्रत्येक वेळी समोर एक सापडत होतं म्हणून माना डोलावत होती. संत्र्याच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसांशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला जमली नसती. गजेंद्रला तरी ती कळली होती का, सांगता येत नाही. बहुधा नसावी, एवढा हुशार असता तर काठ्या विकत उन्हातान्हात कशाला फिरला असता?

मुकुंद खुर्चीवर बसून पाहत होता. कागद त्याच्या मांडीवर होता. सगळं वाचून त्याने त्याची घडी घातली आणि म्हणाला, "गुणवंता, कागदाचं मले नको सांगू. तू सांग. जाते का सरळ?"

"डोळ्यानं पाहिलं ना मी," गुणवंता म्हणाला. "जाते."

मुकुंद उठला. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून काठीवर ठेवला. बोटं मिटत नव्हती म्हणून गुणवंताने आपल्या गळ्यातला दुपट्टा काढून ती काठीला बांधली. मुकुंदने काठी फिरवली. फिरवली ती डाव्या हातानेच, उजवा नुसता सोबत गेला. पण संत्र्याला काठी लागली, आवाज आला, आणि मुकुंदने मान वर केली तेव्हा समोर एक हिरवं संत्रं सरळ रेषेत पडलेलं होतं. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आणखी एक ठेव."

त्या दिवसापासून मुकुंद रोज सकाळी बगीच्यात जायला लागला. दुकानातली पहिली काठी गुणवंताने त्याला आपल्याकडून दिली. बाकीच्यांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पाटी तर दुकानावर लागली, 'पांढुर्णा जिल्ह्याचे एकमेव अधिकृत विक्रेते'. पण अधिकारी काही आले नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कुत्री हाकायला काठ्या नेल्या, तिगावच्या एकाने कवठं पाडायला नेली. गुणवंताला ते हसण्यावारी नेता आलं, कारण सौंसरहून नलिनीचा फोन आला होता.

"भाऊजी, काल यांनी चमचा उजव्या हातात धरला," ती म्हणाली. "वरण खाल्लं. अर्धं सांडलं, पण धरला." आणि ती फोनवरच रडायला लागली. गुणवंतानेही डोळे पुसले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, ते ओशाळून बाहेर जाऊन थांबलं. आयुष्यभर ज्याला चेंडू वर करून दिला त्याला या वयात पुन्हा एकदा नीट दिला, असं गुणवंताला वाटलं. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

तो आनंद फार टिकला नाही. दसऱ्याच्या आधी गुणवंता सौंसरला गेला तो थेट बगीच्यातच. मुकुंद अजून आला नव्हता. भैय्याजींनी बाया लावून निम्म्या बगीच्यातली गळ वेचून घेतली होती. सडलेल्या फळाने झाडाला रोग लागतो म्हणून ती खड्ड्यात गाडतात. खालची जमीन स्वच्छ झाली होती. मुकुंदची काठी तिथेच झाडाला टेकून होती. गुणवंताने सहज एक संत्रं पायाशी ठेवलं आणि मारलं. समोर पाहतो तर काही नाही. संत्रं डावीकडच्या झाडाच्या बुंध्याशी गरगरत होतं. दुसरं मारलं, ते उजवीकडे काट्यांत गेलं. तिसरं त्याच्याच पायाजवळ थांबलं.

गुणवंताने काठी खांद्यावर टाकली. तो गळ न वेचलेल्या ओळीत गेला. तिथे मारलं, समोर हिरवं संत्रं, सरळ. मग त्याने खिशातली तंबाखूची डबी काढली, एका संत्र्याला चुन्याचं बोट ओढलं आणि ते मारलं. समोर सरळ रेषेत संत्रं होतंच. चुन्याचं मात्र बाजूच्या ओळीत सापडलं. त्याने पुन्हा केलं, आणि पुन्हा. मग काठी बाजूला ठेवून तो तिथेच मातीत बसला. जन्मभर लोकांच्या बॅटी कानाशी लावणारा माणूस या काठीपुढे बहिरा ठरला होता.

भैय्याजी मागे येऊन उभे राहिले होते. किती वेळ, कोण जाणे.

"या दोन ओळी मी वेचू नाही देत," ते म्हणाले. "बाया म्हणतात, रोग पसरंल. म्हटलं, पसरू द्या."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"तो चमच्यानं जेवून राहिला, गुणवंता. मले बाकी काही माहीत नाही."

गुणवंताने घरी येऊन गजेंद्रला फोन लावला. गजेंद्र दुसऱ्या कुठल्यातरी गावात होता. शांतपणे म्हणाला, "भाऊ, कागज पे नीचे छोटे में लिखा है ना, नतीजा आदमी आदमी पे अलग हो सकता है." गुणवंताने फोन ठेवला. मुकुंदला सांगायचं त्याने रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. सांगितलं तर चमचा जाणार होता. न सांगितलं तर आपण गजेंद्रहून वेगळे कुठे राहिलो? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं त्याचं झालं. दुकानातल्या उरलेल्या काठ्या त्याने आत टाकल्या, तेवढंच त्याच्याने झालं.

आणि मुकुंदने परस्पर ठरवून टाकलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी सौंसरच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा मेळावा असायचा. लकव्यानंतर मुकुंद तिथे गेला नव्हता. यंदा त्याने निरोप धाडला की मी येतो, आणि सगळ्यांसमोर मारून दाखवतो.

रविवारी सकाळी गुणवंता त्याच्या घरी पोचला. सांगायचंच, असं बसमध्ये घोकत आला होता. मुकुंद इस्त्रीचा सदरा घालून पोहे खात होता. चमचा उजव्या हातात. हात थरथरत होता, पोहे सांडत होते, पण चमचा तोंडापर्यंत जात होता. नलिनी शेजारी बसून तिकडे पाहायचं टाळत होती. पाहिलं तर दृष्ट लागेल असं तिला वाटायचं.

"मुकुंदा, आज राहू दे," गुणवंता म्हणाला. "मैदान खडबडीत आहे. गोल्फचे पांढरे बॉल आहेत तेही हलके नाहीत. पुढच्या साली पाहू."

"काऊन?" मुकुंद हसला. "खडबडीत असलं तं पारा आहे ना आतमध्ये."

नलिनीसुद्धा हसली. आता त्या दोघांच्या हसण्यावर दगड टाकायचा कोणी? गुणवंताने पोह्यांची ताटली घेतली आणि खायला लागला. तिथे बोलला असता तर निदान चार भिंतींच्या आत राहिलं असतं. पण माणसाला अवसान येतं ते नेहमी वेळ गेल्यावर.

मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. जुने खेळाडू, म्हणजे पोटं सुटलेले, गुडघे धरून बसणारे, सगळे आले होते. माईकवर कोणीतरी मुकुंद गुरुजींच्या त्या हाताची आठवण सांगितली. भैय्याजी मागच्या रांगेत मान खाली घालून बसले. गुणवंताने मुकुंदची बोटं दुपट्ट्याने काठीला बांधली आणि पांढरा चेंडू पायाशी ठेवला. समोर नुसतं मैदान पसरलं होतं. त्यावर एकही संत्रं नव्हतं.

पहिला फटका मातीला लागला. धूळ उडाली, चेंडू तिथेच. दुसरा चेंडूला लागला आणि चेंडू डावीकडे वळून पाण्याच्या टाकीवर टण्णकन आदळला. कोणीतरी चुकचुकलं. तिसऱ्या फटक्याला दुपट्टा सुटला, उजवा हात काठीवरून घसरून खाली लोंबायला लागला, आणि मुकुंद तोल जाऊन गुडघ्यावर आला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. आजारी माणसाला द्यायच्या त्या टाळ्या होत्या आणि मुकुंदला ते ऐकताच कळलं.

भैय्याजींच्या गाडीत मागच्या सीटवर दोघे बसले. काठी दोघांच्या पायांशी होती. गाडी हलल्यावर गुणवंताने तोंड उघडलं.

"मुकुंदा, काठी खोटी आहे. तुझ्या हाताचा काही दोष नाही. कोणाच्याच हातून ती सरळ जात नाही. बगीच्यात सगळीकडं संत्रे पडले होते, म्हून समोर दिसत होतं. मी चुना लावून पाह्यलं. मले दसऱ्याच्या आधीपासनं माहीत आहे."

मुकुंद खिडकीबाहेर पाहत होता. तिकडेच पाहत तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण दोघांनी कधी केलं नाही. हरलो तं हरलो म्हणत होतो."

"अरे, खरं सांगून राहिलो."

"नाही." मुकुंदने डाव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "जन्मात तू कोणाले खोटं नाही सांगतलं. बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण पोकळ बॅट नाही विकली. आज माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलून राहिला. कळते मले. बगीच्यात रोज मी पाह्यलं ना, सरळ जात होतं. काठी चांगली आहे. हातच गेला."

"भैय्याजीले विचार."

पुढून भैय्याजी म्हणाले, "खरं आहे, मुकुंदा." मुकुंद किंचित हसला. "तुम्ही दोघं मिळून आले."

गुणवंताने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्याने काठी रस्त्याकडेच्या दगडावर आपटली. डोकं फुटलं. आतून पारा नाही, मूठभर वाळू निघाली. ती हातात घेऊन त्याने खिडकीतून मुकुंदपुढे धरली. मुकुंदने वाळूकडे पाहिलं, मग मोडलेल्या काठीकडे पाहिलं.

"वजनाले टाकत असतील," तो म्हणाला. "तोडली कायले? दुसऱ्या कोणाच्या कामी आली असती."

गुणवंता रस्त्यावर उभा राहून रडला. भैय्याजींनी दार उघडून त्याला आत घेतलं. घरी पोचल्यावर मुकुंदने सदरा बदलला, डाव्या हाताने जेवला आणि चमचा धुवायच्या भांड्यांत टाकून दिला. त्यानंतर नलिनीने तो उजव्या हातात द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण त्याने ताट सरकवलं.

संत्र्याचा तोडा झाला. भैय्याजींच्या त्या दोन ओळींना खरंच रोग लागला आणि झाडं काढावी लागली. गुणवंताने पाटी उतरवली. आता कोणी बॅट पुढे केली तर तो कानाशी नेत नाही; "पाहून घ्या" एवढंच म्हणतो. मनकर्णाबाईंना एवढी वर्षं हेच हवं होतं, पण आता त्याच विचारतात, "काहो, बोलत काऊन नाही?"

थंडीत एक दिवस सौंसरचा हिरामण नावाचा माणूस दुकानात आला. त्याच्या वडिलांना दिवाळीत लकवा मारला होता आणि उजवी बाजू गेली होती. त्याला सीधीमार काठी पाहिजे होती.

"नाही आहे," गुणवंता म्हणाला.

हिरामणने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. दाराआड काठ्यांचा भारा दिसत होता.

"त्या खोट्या आहेत, भाऊ. आतमध्ये वाळू आहे. काही होत नाही त्यानं. नको नेऊ."

हिरामण समजूतदारपणे हसला. लांबून आलेला माणूस, तो काही रिकाम्या हाताने परत जायला आला नव्हता.

"मुकुंद गुरुजींनी पाठवलं मले," तो म्हणाला. "त्यांनी सांगतलं होतं, गुणवंता असंच म्हणंल. त्याच्या मनाले लागलं आहे. म्हणाले, काठी एक नंबर आहे, माझाच हात गेलेला होता. गुणवंतानं डोळ्यानं पाह्यलेली आहे."

आणि तो आत जाऊन स्वतःच एक काठी निवडायला लागला.